शिरोरेषेतली लहर

त्रिशला मगदूमला कुणी छंद विचारला की ती थोडी अडखळायची. बागकाम किंवा गाणं असं काही सांगता आलं असतं तर सोपं झालं असतं. ती सांगली शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात इंजिनिअर होती. सकाळची पाळी करून दोन वाजता घरी यायची आणि जेवण झालं की स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी कॉम्पोझिटर लिहायला बसायची. दीड वर्ष हे चाललं होतं. त्याची कुणालाच गरज नव्हती. २०३९ साली बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक यंत्रात कॉम्पोझिटर आधीच असायचा, आणि तो तिच्या प्रोग्रामपेक्षा कितीतरी चकचकीत असायचा.

"पण तो करतो काय?" तिच्या नवऱ्याने, भरतेशने, सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"स्क्रीनवर तुला चार विंडो दिसतात ना, त्यातला प्रत्येक प्रोग्राम आपापलं चित्र काढून मोकळा होतो. शेजारी कोण आहे हे त्याला ठाऊकही नसतं. ती चित्रं गोळा करायची, कोण वर, कोण खाली ते ठरवायचं, कडेला सावली द्यायची आणि सगळ्याचं मिळून एक चित्र स्क्रीनला द्यायचं. सेकंदाला एकशेवीस वेळा."

"म्हणजे तुकडे जोडून गोधडी शिवायची."

"सेकंदाला एकशेवीस गोधड्या," त्रिशला म्हणाली, आणि प्रोग्रामचं नाव गोधडी पडलं.

भरतेशचा व्यवसाय अक्षरं काढण्याचा होता. पुस्तकांची शीर्षकं, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका. गेलं वर्षभर तो 'कोवळी पानं' नावाच्या संस्थेसाठी पहिलीच्या पुस्तकाची अक्षरं काढत होता. बावन्न अक्षरं, एकेक हाताने काढलेलं, मुलांनी बोट फिरवून गिरवण्यासाठी. समोरच्या खोलीत त्याचा उतरता बोर्ड होता, त्यावर मोठा स्क्रीन आणि पेन. त्रिशलाचं टेबल गॅलरीच्या दाराशी. दुपारभर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायची. चार वाजता ज्याचं काम अडलेलं असेल त्याने चहा करायचा असा नियम होता, आणि बहुतेक वेळा चहा त्रिशलाच करायची.

गोधडी दिवाळीच्या सुमारास चालायला लागली, पण रखडत. पेन हलवला की रेघ त्याच्या मागून यायची. डोळ्याला ते नीट दिसत नाही, पण हाताला कळतं. मग त्रिशलाने प्रोफायलिंग सुरू केलं. पेनची खूण यंत्रात शिरल्यापासून ती स्क्रीनवर उजळेपर्यंतच्या वाटेवर तिने ठिकठिकाणी घड्याळं लावली. कोणत्या टप्प्याने किती वेळ खाल्ला हे रंगीत पट्ट्यांमध्ये समोर दिसू लागलं. एकूण एक्केचाळीस मिलिसेकंद. त्यातले काही विंडोंच्या सावल्या पुन्हा पुन्हा मोजण्यात जात होते, विंडो जागची हललेली नसतानाही. स्क्रीनचा एक कोपरा बदलला तरी प्रोग्राम सगळं चित्र नव्याने जोडत होता. सगळ्यात जास्त वेळ जात होता तो प्रोग्रामच्याच दोन भागांच्या शिष्टाचारात. दोघं एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत थांबून राहत होते. हे सगळं काढता काढता डिसेंबरअखेर आकडा अकरावर आला. त्या दिवशी तिने शिरा केला. भरतेशने कारण न विचारता दोन वाट्या खाल्ला.

बाजारातल्या यंत्रांनी हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. त्याला 'पूर्वरेखा' म्हणत. रेघ उशिरा येते ना, मग पेन पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधायचा आणि पेन पोचायच्या आत रेघ काढून ठेवायची. यंत्र नवीन असताना काही महिने ते मालकाचा हात बारकाईने बघायचं, त्याची वळणं शिकून घ्यायचं आणि मग त्या शिकवणीवर चालायचं. पुढे कंपन्यांच्या असं लक्षात आलं की अंदाज आणि खरा पेन यांच्यात केसाएवढा फरक पडला तर लोकांना अंदाजच जास्त आवडतो. म्हणून तेवढा फरक असेल तेव्हा अंदाजच कायम ठेवायला सुरुवात झाली. सगळ्यांच्या रेघा सफाईदार झाल्या. तक्रार कुणीच केली नाही.

त्रिशलाने गोधडीत अंदाज घातला नव्हता. एक तर तो लिहिणं तिच्या आवाक्यात नव्हतं. आणि दुसरं म्हणजे जे झालं तेवढंच दाखवायचं, हे तिने पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

एका रविवारी सकाळी उप्पीट खाऊन झाल्यावर ती भरतेशला म्हणाली, "अकरा मिलिसेकंद आहे आता. तुझा पेन लावून बघतोस का?"

तो आनंदाने तिच्या खुर्चीत बसला. नवीन साधन हातात आलं की तो आधी एक शिरोरेषा ओढायचा, डावीकडून उजवीकडे, एका दमात. तशी ओढली. रेघ पेनाला चिकटूनच आली, पण तिच्यात बारीक लहर होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तुझी गोधडी थरथरतेय," तो हसून म्हणाला.

"परत काढ."

परत तेच. मग तो आपल्या बोर्डाकडे गेला आणि तिथे रेघ ओढून दाखवली. दोरी ताणल्यासारखी सरळ. "इकडे ठीक आहे बघ."

दोष गोधडीचा आहे याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. त्रिशलाला तर थोडा उत्साहच आला. असा बग शोधायला मजा येते.

पुढचे तीन आठवडे ती शोधत राहिली. स्क्रीनची चित्रं असमान वेळाने लागतात का? नाही. पेनच्या खुणा मध्येच गळतात का? नाही. आकडे पूर्णांकात बदलताना एक चूक सापडली, ती तिने काढली, पण लहर राहिलीच. मग तिने लहरी मोजल्या. भरतेशने रेघ हळू ओढो की भरभर, लहरी सेकंदाला सहाच होत्या.

इथे तिला तिची नोकरी उपयोगी पडली. पाइपलाइनमधला दाब ठरावीक वेगाने हेलकावे खायला लागला की ती टोकाच्या नळांकडे बघत बसत नसे. ती पंपाकडे जायची. तिने पेनच्या खुणा गोधडीचा स्पर्श होण्याआधीच, जशा आल्या तशा नोंदवून घेतल्या. लहर तिथेही होती. म्हणजे पेन खराब. तिने नवीन पेन मागवला. तरी लहर. मग तिने स्वतः रेघ ओढली. तिची रेघ वेडीवाकडी होती, मध्येच झोल घेतलेली, पण ती बारीक लहर नव्हती. शेवटी तिने स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरला रबरबँडने पेन बांधला, खाली पेनने लिहायची स्क्रीनची पाटी धरली आणि ड्रॉवर सावकाश ओढला. रेघ एकदम सरळ आली.

मंगळवारची दुपार होती. भरतेश छपाईचे नमुने आणायला बाहेर गेला होता. त्रिशला उघड्या ड्रॉवरसमोर बराच वेळ उभी राहिली.

लहर घालवणं अवघड नव्हतं. वीस ओळींचा एक फिल्टर पुरला असता. तिने तो त्याच दुपारी लिहिला आणि संध्याकाळी भरतेशला पेन दिला. त्याने रेघ ओढली.

"झालं की दुरुस्त. काय होतं?"

"आकड्यांची चूक होती," ती म्हणाली. ते पूर्ण खोटंही नव्हतं.

तीन दिवस तिने ते असंच राहू दिलं. शुक्रवारी कक्षात एका नवीन मुलीने दाबाचा अलार्म सारखा वाजतो म्हणून बंद करून टाकला होता. त्रिशला तिला समजावायला गेली, "कारण कळल्याशिवाय अलार्म बंद करायचा नाही," आणि बोलता बोलता थांबली. मुलीला वाटलं मॅडम फार चिडल्या आहेत.

त्या दुपारी चहा तिने केला. काम अडलेलं नव्हतं तरी. तिने स्क्रीनवर दोन विंडो उघडल्या, उजवीकडे फिल्टर लावलेला, डावीकडे काढलेला.

"डावीकडे एक रेघ ओढ."

त्याने ओढली. लहर आली.

"अजून बग आहे म्हणजे."

"मी तो झाकला होता, भरतेश. पण तो बग नाहीये." तिने ड्रॉवरचं सांगितलं, नव्या पेनचं सांगितलं, स्वतःची वेडीवाकडी रेघ दाखवली. "सगळं तपासलं. पेनच्या अलीकडे फक्त हात राहतो."

भरतेशने पेन खाली ठेवला. उजवा हात गॅलरीच्या उजेडात धरून पाहिला. काहीच दिसलं नाही. मग त्याने कपाटातून जाड कागद काढला, शाईची बाटली हलवून हलवून उघडली आणि बोरूने शिरोरेषा ओढली. कागदावर ती पुरती दिसायला त्याला भिंग घ्यावं लागलं. पण होती.

"दोन वर्षांत कागदावर काही काढलंच नाही मी," तो म्हणाला. मग भिंग बाजूला ठेवून, "कधीपासून असेल?"

ते शोधता येण्यासारखं होतं. त्याच्या बोर्डाच्या फायलींमध्ये काढलेली रेघ असायची आणि पेनच्या मूळ खुणाही असायच्या, कारण पूर्वरेखेला शिकायला त्या लागत. त्रिशलाने शनिवार-रविवार बसून त्या उलगडल्या. लहर पहिल्यांदा चौदा महिन्यांपूर्वी दिसत होती, अगदी पुसट. मग हळूहळू मोठी होत गेली होती. यंत्र मात्र तीन वर्षांपूर्वी घेतलेलं. भरतेशचा हात त्याने तेव्हा शिकून घेतला होता आणि अजून त्याच हाताने ते रेघा काढत होतं.

"म्हणजे ही अक्षरं माझ्या तीन वर्षांपूर्वीच्या हाताची आहेत."

"सगळी नाहीत. बावन्नातली एकोणीस. बाकीच्यांत फरक नगण्य आहे."

"ळ कुठे आहे?"

त्रिशलाने यादी त्याच्यापुढे सरकवली. ळ एकोणिसात होता. संस्थेच्या संपादक अश्विनी लाटकर यांनी तो पाहून मुद्दाम फोन केला होता. भरतेशनेही तो छापून बोर्डाच्या वर चिकटवला होता.

हाताच्या बातमीने तो जेवढा हलला नव्हता तेवढा याने हलला. त्याने चिकटवलेला कागद काढून ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि दोन दिवस कामापुरतंच बोलला. दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना म्हणाला, "तू तो प्रोग्राम लिहिला नसतास तर मला कळलंही नसतं."

"दोनेक वर्षांनी कळलं असतं."

"मग दोन वर्षं तरी मिळाली असती."

त्रिशला गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे काढू लागली. संगणकाकडे त्या दिवशी ती फिरकली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती पाळीवरून आली तेव्हा भरतेश बाहेरच्या खोलीत चप्पल घालून बसला होता.

"मिरजेला आज गेलं तर चालेल का? मी चारची वेळ घेतलीय."

डॉक्टर शाहीन मुजावर मेंदूविकाराच्या तज्ज्ञ होत्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भरतेशला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, भरलेला पेला धरायला दिला, कागदावर गोगलगायीसारखी वळणं काढायला लावली. रक्त तपासायला पाठवलं. मग त्रिशलाने आणलेला लहरींचा आलेख त्या बराच वेळ बघत राहिल्या. आठवड्याने सगळे अहवाल आले तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"कंपवात नाही. थायरॉइडही नाही. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात काम करताना कापतो, स्वस्थ असताना नाही. वर्षागणिक थोडा वाढेल. औषधाने बराच कमी होतो. पुढे कधी फारच झाला तर ध्वनिलहरींनी करायचा उपचार आहे, डोकं उघडावं लागत नाही."

"काम?" भरतेशने विचारलं.

"कराल की. पण हाताशी जमवून घ्यावं लागेल." त्यांनी आलेख पुन्हा उचलला. "पूर्वी बँकेत सही जुळेना झाली की लोक माझ्याकडे यायचे. आता सहीसुद्धा स्क्रीनवर, आणि स्क्रीन ती नीट करून देतो. माझ्याकडे येईपर्यंत माणसाला जेवणाचा घास धरता येत नसतो. तुम्ही फार लवकर आलात. हे कशावर काढलं?"

त्रिशलाने थोडं संकोचून सांगितलं.

"माझ्या तपासणीच्या खोलीत एका पाटीवर बसवून द्याल?"

"तो छंद म्हणून लिहिलाय, डॉक्टर. दोन स्क्रीन जोडले तर बंद पडतो."

"मी एकच जोडीन," डॉक्टर म्हणाल्या.

औषधाने लहर एक तृतीयांशावर आली. पहिले दहा दिवस भरतेशला सकाळी गरगरायचं, मग गोळीचं प्रमाण बदललं आणि ते थांबलं. गोळी घेतल्यावर तासाभराने हात सगळ्यात शांत असतो हे त्याने स्वतःच रोज रेघा ओढून शोधून काढलं आणि कामाची वेळ त्याप्रमाणे बदलली. बोटांऐवजी खांद्यातून रेघ ओढायची सवय लावली. त्यासाठी बोर्ड उभा करावा लागला, आणि खोलीतली मांडणी बदलल्यामुळे आता दोघांची पाठ एकमेकांकडे राहिली नाही.

मग त्याने अश्विनीताईंना फोन केला. त्रिशला समोरच होती. तो सरळ म्हणाला, "ताई, त्यातली एकोणीस अक्षरं मी काढलेली नाहीत," आणि काय झालं ते सगळं सांगितलं.

"भरतेश, मी ती अक्षरं आत्ता समोर ठेवून बघतेय," अश्विनीताई म्हणाल्या. "मला तर फरक दिसत नाही."

"मला दिसतो."

"किती दिवस हवेत?"

"दोन महिने."

"शाळा उघडायच्या आत पुस्तक छापून यायला हवं. सहा आठवडे देते."

त्याच्या सांगण्यावरून त्रिशलाने गोधडीत एक गोष्ट नवीन घातली. प्रत्येक विंडोला फिल्टर किती लावायचा ते ठरवायची एक पट्टी, शून्यापासून शंभरापर्यंत. भरतेशची अट होती की आकडा कोपऱ्यात कायम दिसला पाहिजे. "मदत घ्यायला माझी ना नाही. पण किती घेतली ते मला कळायला हवं." प्रत्येक विंडोला वेगळा फिल्टर लावणं दिसतं तितकं सोपं नव्हतं. अकराचा आकडा चौदावर गेला, आणि तो परत खाली आणताना तिचे दोन आठवडे गेले. ती ते आठवडे मजेत होती.

सोळा अक्षरं त्याने पट्टी शून्यावर ठेवून काढली. श, क्ष आणि ज्ञ यांना थोडी मदत घेतली आणि तसं अश्विनीताईंना लिहून कळवलं. ळ ने अकरा दिवस घेतले. शेवटी जो झाला तो आधीच्यापेक्षा गोल होता, खांद्यातून आल्यामुळे जरा मोठ्या मनाचा. त्रिशला त्याच्या मागे उभी राहून बघत होती.

"खरं सांगू?"

"सांग."

"मला आधीचा जास्त आवडायचा."

"मलाही," भरतेश म्हणाला. "पण हा मी काढलाय." आणि त्याने फाइल पाठवून दिली.

जूनमध्ये पुस्तक आलं. गाजावाजा काही झाला नाही. एका शाळेतल्या बाईंनी अश्विनीताईंना कळवलं की मुलं नवीन ळ पटकन गिरवतात, कारण बोट वळवायला जागा मिळते. अश्विनीताईंनी तो निरोप भरतेशला जसाच्या तसा पाठवला. त्याने तो दोनदा वाचला आणि बाकी दिवस गुणगुणत काम केलं.

गोधडी आता त्रिशलाने सगळ्यांसाठी खुली केली होती. असे छंद असणारी माणसं देशभर विखुरलेली होती, आणि त्यातल्या साठेक जणांनी ती आपापल्या यंत्रावर घेतली. कुणी सावल्यांचा रंग बदलून दिला, कुणी दोन स्क्रीनचा घोळ निस्तरून दिला. ऑगस्टमधल्या एका दुपारी हुपरीहून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचं नाव रोहिणी. हुपरीत घरोघर चांदीचं काम चालतं. तिचे सासरे पैंजणांची नक्षी काढत, आधी कागदावर, आता स्क्रीनवर. तिच्या भावाने त्यांच्या यंत्रावर गोधडी बसवून दिली होती.

"मॅडम, छान पळते, पण आण्णांची रेघ त्यात हलते," रोहिणी म्हणाली. "बाकी कुणी काढली की हलत नाही. ते म्हणतात हे काढून टाक, जुनंच बरं होतं. काही दुरुस्ती होईल का?"

फोन स्पीकरवर होता. काय सांगावं, किती सांगावं, हे त्रिशलाला सुचेना. भरतेशने ऐकलं होतं. त्याने पेन बोर्डाच्या कडेला ठेवला, उठून आला, फोन घेतला आणि स्पीकर बंद करून कानाला लावला.

"नमस्कार, मी भरतेश मगदूम. आण्णा आहेत का जवळ? द्या की त्यांना."

पलीकडे थोडी कुजबुज झाली, मग एक जड, नाराज आवाज आला. त्रिशलाला शब्द कळत नव्हते, भरतेशचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"नक्षी कसली काढता तुम्ही? ... वेल? ... किती वर्षं झाली? ... बेचाळीस. ... हो, मीसुद्धा हातानेच काम करतो, अक्षरं काढतो. ... नाही आण्णा, यंत्र बरोबर आहे. माझंही असंच झालं होतं." तो खुर्ची ओढून बसला. "नाही नाही, काम बंद नाही केलं. आत्तासुद्धा काढत होतो. ... हो. ... घाबरलो की. बायकोवर रागावलो पण."

त्याने त्रिशलाकडे पाहिलं. ती आत गेली आणि त्याचं बोलणं निवांत होऊ दे म्हणून दार लोटून घेतलं. बोलणं अर्धा तास चाललं. मध्ये एकदा भरतेशचं मोठ्याने हसणं ऐकू आलं, आणि नंतर तो गोळीची वेळ, पाण्याचा पेला, डॉक्टरांचा दवाखाना असं काहीबाही समजावून सांगत होता.

दार उघडून तो आत आला तेव्हा त्याच्या हातात कागदाचा चिटोरा होता, त्यावर एक नंबर आणि 'गुरुवार' असं लिहिलेलं.

"येणार आहेत मुजावर डॉक्टरांकडे," तो म्हणाला. "एकटे यायला तयार नाहीत, म्हणून मी त्यांना आणायला जातो म्हटलं. हुपरीला सकाळची पहिली बस किती वाजता असते गं?"